खऱ्या पत्र्यापर्यंत

संतमंडळी एकत्र जमलेली असता मुक्ताबाईंची दृष्टी गोरोबाकाकांच्या थापटण्याकडे गेली, हे कशासाठी म्हणून त्यांनी पृच्छा केली, मडके कच्चे की पक्के ते याने कळते असे उत्तर मिळताच मग आमचीही परीक्षा घ्या असा आग्रह धरला, आणि काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत जाऊन अखेर नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आहे. गोरोबाकाकांचे तेर आमच्या धाराशिव जिल्ह्यातले. प्राचीन काळी 'तगर' या नावाने ग्रीक आणि रोमन व्यापाऱ्यांनाही ठाऊक असलेले. लहानपणापासून ऐकलेल्या त्या कथेचा खरा अर्थ मला उमगला तो मात्र कोणत्याही कीर्तनात नव्हे, तर धाराशिव शहराबाहेर सोलापूरच्या रस्त्यालगत असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, वडिलांच्या जुन्या फियाटखाली उताणा पडलो असताना. माझ्या शेजारी त्या शेडचे कारागीर, माझे उस्ताद, उताणे पडले होते. त्यांच्या हातात लहानशी हातोडी होती आणि ते मोटारीचा तळ वीत वीत अंतरावर वाजवीत पुढे सरकत होते.

"ऐकायलाव का, सर? हा पत्रा बोलायलाय." टणटण असा स्वच्छ नाद आला. हात आणखी वीतभर पुढे गेला आणि तोच नाद ओल्या लाकडावर मारल्यासारखा बसका झाला. "आणि हा बघा, मुका झालाय." त्यांनी हातोडी ठेवली, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्या जागी टेकवून अंगठ्याने नुसते दाबले, आणि ते मुठीपर्यंत आत गेले. तांबूस भुगा माझ्या छातीवर सांडला. वरून, मोटारीच्या आतून पाहिले असता त्याच जागी काळा रंग शाबूत होता, त्यावर रबरी मॅट होती, आणि त्या मॅटवर पाय ठेवून मी परवापर्यंत तुळजापूरला जाऊन आलो होतो.

ही फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. आमच्या शेजारच्या सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट 1100 या गाडीचे हे देशी रूप शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत राहिले. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 सालच्या ऑक्टोबरअखेर कायमची गेली. आमची गाडी वडिलांनी 1984 साली घेतली, त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली, आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती भंगारात न देता निदान तिचा तळ स्वतःच्या हाताने सांधावा असा संकल्प मी केला. उस्तादांनी प्रथम नकार दिला. "शाळेत शिकविलेल्या माणसाला इथं धुळीत कशाला बसवू?" असे ते म्हणाले, परंतु सलग आठ दिवस सकाळी मी शेडच्या दाराशी हजर राहिलेला पाहून नवव्या दिवशी त्यांनी माझ्या हाती हातोडी दिली.

तळाचा पत्रा म्हणजे पाय ठेवण्याची फळी, अशी माझी तोवर समजूत होती. जीपच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरीही आहे, कारण तेथे सारा भार वाहणारी चासी निराळी असून बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसविलेली असते. परंतु फियाट, ॲम्बॅसडर किंवा मारुती 800 यांना अशी स्वतंत्र चासी नसते. तळ, दारांखालचे रनिंग बोर्ड, छताचे खांब आणि पुढील पडदी हे सर्व मिळून एकच पोकळ, हलकी, परंतु ताठ अशी पेटी होते, आणि सुमारे एक मिलिमीटर जाडीचा तो पत्रा तीमध्ये कण्याचे काम करतो. आसन त्यालाच बांधलेले असते आणि अपघाताच्या वेळी आघाताचा वाटाही तोच उचलतो. म्हणून तळाला पडलेले भोक ही केवळ शोभेची उणीव नव्हे. ती भाराच्या मार्गातील तूट आहे, आणि तेथे बसवावयाचा तुकडा हा भोक झाकण्यासाठी नसून तो खंडित मार्ग पुन्हा जोडण्यासाठी असतो. ही गोष्ट एकदा मनात ठसली म्हणजे पुढील सर्व नियम तिच्यातून आपोआप निघतात.

ज्या जिल्ह्यात दुष्काळ हा दर काही वर्षांनी ठाण मांडून बसणारा पाहुणा आहे, तेथे मोटारी गंजाव्यात कशा, हा प्रश्न कोणासही पडावा. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. त्यासाठी पाणी पुष्कळ असण्याची गरज नाही, ते एका जागी दडून राहिले की पुरे. समोरच्या काचेचे रबर चिरले की आषाढातील पहिल्याच पावसाचे पाणी पडदीवरून उतरून मॅटखालच्या नमद्यात शिरते आणि वर ऊन तापत असतानाही तो नमदा महिनोन् महिने ओला राहतो. बाहेरून काळ्या मातीचा चिखल चाकाच्या कमानीत थापला जातो. आमच्याकडच्या मोटारींना शेतीचीही कामे करावी लागतात. डिकीत खताची पोती जातात, आणि सांडलेले खत ओल धरून पत्रा खाते. त्याखेरीज मुंबई-पनवेलकडून स्वस्तात आलेल्या जुन्या गाड्या सागरी वाऱ्याचे मीठ अंगात घेऊनच घाट चढून येतात. गंजाची आणखी एक खोड उस्तादांनी दाखविली. तो मूळ लोखंडाहून कितीतरी पट अधिक जागा व्यापतो, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की फुगून त्यांना एकमेकांपासून दूर लोटतो, आणि त्या फटीत आणखी पाणी मावते.

लोखंडाला लोखंड जोडण्याची विद्या या मुलखाला नवी नाही. विजापूरच्या बुरुजावर असलेली मुलूखमैदान तोफ 1549 साली अहमदनगरास ओतली गेली आणि विजापूरला जाण्यापूर्वी ती आमच्या परांड्याच्या किल्ल्यात होती. ती ओतीव, परंतु त्या काळी लोखंडी पट्ट्या गोलाकार मांडून, त्यांवर कडी चढवून, तापवून आणि ठोकून एकजीव केलेल्या घडीव तोफाही दख्खनच्या किल्ल्यांवर होत्या. लोखंड पांढरेशुभ्र होईपर्यंत तापवावयाचे, टाकणखार टाकून त्यावरील मळ वितळवावयाचा आणि घणाने दोन तुकडे एक करावयाचे, ही रीत मराठवाड्यातील रस्त्यांच्या कडेला पाल ठोकणाऱ्या घिसाड्यांच्या भात्यापाशी आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहे. शेडमध्ये माझ्याबरोबर शिकणारा सतरा वर्षांचा मुलगा अशाच घरातला. त्याचे आजोबा विळे-खुरपी घडवीत. नातू आता तारेच्या टोकाशी विजेचा ठिपका पेटवितो. लोखंडाचा रंग पाहून त्याचे तापमान ओळखण्याची नजर मात्र त्याला कोणी शिकविलेली दिसली नाही. ती घरातूनच आली होती.

पत्र्याला मानवणारी उष्णता मिळविण्यास माणसाला बराच काळ लागला. ॲसिटिलीन वायूचा शोध एडमंड डेव्ही याने 1836 साली लावला. तो प्राणवायूबरोबर जाळून सुमारे 3,100 अंश सेल्सिअसची ज्योत देणारा टॉर्च फ्रान्समधील फूशे व पिकार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केला. जुने डेंटर अद्याप कार्बाइड आणि पाण्याच्या डब्याची आठवण काढतात. आता ॲसिटिलीनचा तपकिरी-तांबडा आणि ऑक्सिजनचा काळा असे दोन सिलिंडर शेजारी उभे असतात, आणि एकाचे आटे डावे तर दुसऱ्याचे उजवे ठेवलेले असतात, जेणेकरून अंधारातही नळीची अदलाबदल होऊ नये. गॅसने उत्तम काम होते. परंतु ज्योत पसरट असल्यामुळे पातळ पत्रा दूरवर तापतो. उलट, खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारे आर्क वेल्डिंग मोटारीच्या तळाला फार प्रखर पडते. बारा नंबरची, म्हणजे अडीच मिलिमीटरची कांडीदेखील गंजून पातळ झालेल्या पत्र्याच्या कडेला टेकताच भोक पाडून मोकळी होते. म्हणून आता हे काम को-टू मशीनवर होते. बंदुकीसारख्या हातातून 0.8 मिलिमीटरची तांब्याचा मुलामा दिलेली तार आपोआप पुढे येते, तिच्याभोवती कार्बन डाय-ऑक्साइडचा झोत वाहतो, आणि तो झोत वितळलेल्या थेंबाला हवेपासून वाचवितो. पंखा समोर लावला की तो झोत उडतो आणि टाका चाळणीसारखा सच्छिद्र होतो. यास्तव वैशाखातही शेडमधला पंखा बंदच ठेवावा लागतो.

प्रथम मला वेल्डिंग करावयास मिळाले नाही. पहिले पाच दिवस केवळ कापण्यात गेले. भोक तळहाताएवढे होते. मी त्याभोवती खडूने तळहाताहून थोडी मोठी चौकट आखली. उस्तादांनी ती पुसली. त्यांनी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून रंग आणि गंज घासत घासत बाहेरच्या दिशेने जाण्यास सांगितले, आणि जेथे पत्रा सर्व बाजूंनी पांढरा, चकचकीत आणि सलग लागेल तेथेच खडू टेकावा असा हुकूम केला. मी घाशीत गेलो आणि भोक वाढत गेले; आसनाच्या बैठकीपाशी नखाएवढे काळे ठिपके दिसले, ते दाबताच फुटले. अखेर जी चौकट ठरली ती जवळजवळ ताटाएवढी झाली. चांगला दिसणारा पत्रा हाताने कापून टाकताना जिवावर येते. परंतु टाका ज्या कडेला घालावयाचा ती कडच पोकळ असेल तर वीज तिला जाळून टाकते, आणि चुकून सांधली गेलीच तरी पुढच्या पावसाळ्यात सांध्याच्या बाहेरून गंज पुन्हा सुरू होतो. "जोडायचं सोपं हाय, सर. कुठवर कापायचं, त्येच येत नाही लोकांना," असे ते म्हणाले, आणि या विद्येचे सार मला त्या एका वाक्यात सापडले.

मग पुठ्ठ्याचा नमुना. चौकटीचे कोन काटकोनी न ठेवता गोलसर ठेवतात, कारण अणकुचीदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तेथूनच चीर निघते. नमुन्यावरून वीस गेजचा, म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटरचा पत्रा कात्रीने कापला. मूळ तळाला ताठपणासाठी ज्या पन्हळी होत्या त्या लाकडी ठोकळ्यावर हातोडीने उठविल्या. तुकडा जागेवर बसविला, काढला, कानशीने घासला, पुन्हा बसविला. चहूबाजूंनी सारखी, नख शिरेल एवढीच फट राहावी लागते. हे बसविणे सबंध एक दिवस चालले. शेजारच्या गॅरेजचा कारागीर एवढ्या अवधीत पत्र्यावर पत्रा चढवून, कडा काळ्या डांबराने लिंपून गाडी परत देतो. गिऱ्हाईक खूश होते, आणि दोन पत्र्यांमध्ये कोंडलेला गंज निर्वेधपणे आपले काम चालू ठेवतो.

टाका घालण्याचा अभ्यास भंगारातील पत्र्यावर झाला. डोळ्यांवर काळ्या काचेचे हेल्मेट, हातात चामड्याचे मोजे, आणि कानाशी उस्तादांचा आवाज. कळ दाबली की काचेतून हिरवट अंधारात एक ठिपका पेटतो, तारेचे टोक वितळून पाऱ्यासारखा चमकता थेंब तयार होतो, आणि त्या थेंबाच्या दोन्ही कडा दोन्ही पत्र्यांत पाघळून मिसळल्या की त्याच क्षणी बोट सोडावयाचे असते. तो क्षण सेकंदाहून मोठा नसतो. आधी सोडले तर थेंब पत्र्यावर नुसता वाटाण्यासारखा बसतो आणि छिन्नीने टिचकी मारताच उडून जातो. क्षणभर उशीर झाला तर थेंब लोंबतो, गळतो, आणि त्याच्या जागी आरपार उजेड दिसू लागतो. माझ्या पहिल्या पत्र्यावर अशी सतरा भोके पडली. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी मला डोळे मिटून केवळ आवाज ऐकावयास सांगितले आणि स्वतः टाका घातला. विजेचा दाब आणि तारेचा वेग जुळले की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा चरचराट येतो. बिघडले की तो फुटक्या फटाक्यासारखा तडतडतो. आसपासच्या शेतांतील पंप सुरू होऊन विजेचा दाब उतरला की हा फरक यंत्राच्या काट्याआधी कानाला कळे, आणि मग आम्ही हात थांबवून चहा मागवीत असू.

शिकाऊ माणसाला सर्वाधिक छळते ती मात्र पत्रा वाकण्याची खोड. तापलेले लोखंड प्रसरण पावू पाहते, सभोवारचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही, म्हणून ते जागच्या जागी दबून जाड होते. निवताना आकसते तेव्हा पहिल्याहून आखूड होते आणि शेजारच्या पत्र्याला ओढून घेते. सलग एका दिशेने टाके घालीत गेले तर ताटासारखा सपाट तुकडा परातीसारखा फुगून येतो. यावर उपाय धीराचा. एक टाका उजव्या कोपऱ्यात, दुसरा त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, तिसरा मध्यावर. मग हात लावून पाहावयाचे, चटका बसत असेल तर थांबावयाचे. दोन टाक्यांमध्ये बोटभर अंतर. त्या अंतराच्या मधोमध पुन्हा एक. आणि असे करीत शेवटी सर्व ठिपके मिळून एक रेघ. गोधडीला आधी लांब धावदोरा घालून मग बारीक टाके भरणाऱ्या आमच्या आजीने हीच पद्धती पाळली होती, असे मला त्या वेळी वाटले.

धोक्यांचा तपशील सांगणे हे लेखकाचे कर्तव्य आहे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी, पेट्रोलची टाकी आणि नळी कोठून जाते त्याची खातरजमा करावी, आसने व नमदा बाहेर काढावा, आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची बादली घेऊन एक माणूस उभा करावा. ठिणगी पडते आपल्या नजरेआड. गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली कोणीही शिरू नये. ती घोडीवरच घ्यावी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घासल्याखेरीज जोडू नये, कारण जस्त 907 अंशांनाच उकळते आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि काळ्या काचेवाचून एक क्षणही ठिपक्याकडे पाहू नये. मी एकदा, हेल्मेट खाली येण्यापूर्वीच, कळ दाबली. दिवसभर काही वाटले नाही. मध्यरात्री मात्र दोन्ही डोळ्यांत वाळू भरल्यासारखी वेदना उठली आणि उजाडेपर्यंत मी अंधाऱ्या खोलीत अश्रू पुशीत बसलो. कारागीर याला 'वेल्डिंग लागली' म्हणतात आणि डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवतात. खरा उपाय डॉक्टरांकडे जाणे हाच, आणि त्याहून खरा म्हणजे काच आधी व कळ नंतर हा क्रम.

शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या विद्येला सुंदर मराठी नावे आहेत: वेल्डरला 'संधाता', आणि शीट मेटल वर्करला 'पत्रे कारागीर'. 1950 साली सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेतील हे एकेक वर्षाचे अभ्यासक्रम आजही हजारो मुलांना रोजगाराच्या वाटेवर नेतात. तथापि तेथील सराव मुख्यतः नव्या आणि स्वच्छ लोखंडावर चालतो. गंजलेला, रंगलेला, दोन्ही बाजूंनी हात न पोहोचणारा एक मिलिमीटरचा तळ हा विषय निराळा आहे, आणि तो आज बहुतांशी रस्त्याकडेच्या शेडमध्ये, दाखल्यावाचून शिकविला जातो. उस्तादांपाशी कोणतेही प्रमाणपत्र नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन मुदत वाढते, आणि एम.एच. 25 क्रमांकाच्या कितीतरी जुन्या गाड्या त्या तपासणीला उभ्या राहतात त्या अशाच अनाम हातांच्या बळावर. या हातांना वर्षातून पंधरा दिवस जरी संस्थेच्या कार्यशाळेत अध्यापक म्हणून सन्मानाने बोलाविले, तरी संधाता ही पदवी सार्थ होईल असे माझे प्रामाणिक मत आहे.

आमचा तुकडा तेविसाव्या दिवशी पुरा सांधला गेला. उंचवटे घासून सपाट केले, जस्तयुक्त प्राइमर लावला, सांध्यावर सीलर भरला, खालून जाड काळा थर दिला. रंग देण्यापूर्वी मात्र उस्ताद पुन्हा गाडीखाली शिरले आणि त्यांनी हातोडी माझ्या हाती दिली. मी तळ वाजवीत गेलो. जुना पत्रा, सांधा, नवा पत्रा, पुन्हा सांधा, पुन्हा जुना. एका ठिकाणी, मागील उजव्या कोपऱ्याशी, नाद किंचित बसला. उस्ताद काही बोलले नाहीत. मीच खडूने तेथे खूण केली, ग्राइंडर मागविला आणि दोन बोटे रुंद तुकडा पुन्हा कापून काढला. टाका वरून चांगला दिसत होता, परंतु खाली पोहोचलेला नव्हता. तो पुन्हा घालण्यात सबंध दुपार गेली.

पाऊस संपला की घरोघर दिवाळीची साफसफाई सुरू होते. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. एका सकाळी आपल्या मोटारीची मॅट उचला, तिच्याखालचा नमदा हाताने दाबून पाहा, ओला असेल तर बाहेर काढून दोन दिवस उन्हात टाका, आणि तळ हातोडीने हळूहळू वाजवा. जेथे आवाज मुका येईल तेथे लांबी भरू नका आणि वरून पत्राही चढवू नका. खरा पत्रा लागेपर्यंत कापा.